साताऱ्यातलं फोटो प्रिंटिंगचं दुकान: मंगळाचे फोटो आधी 'साफ' करून दिले, मग परत घाण करून दिले (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं जाताना मधे कुठंतरी आहे, एवढंच. कारण पहिल्या फेरीत त्यांनी जे करून ठेवलं ते वाचून कुणी उगाच फोन करून त्यांना ऐकवायला नको, आणि दुसऱ्या फेरीत जे केलं त्यामुळं लिहिल्याशिवाय राहवत पण नाही. ज्याला खरंच काम असेल त्यानं विचारा, तोंडी सांगीन.

तर झालं असं की गोडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी देखावा म्हणजे केदारनाथ नाहीतर एखादा गड ठरलेला, यंदा कॉलेजच्या पोरांनी हट्ट धरला की दुसऱ्या ग्रहावर यान उतरल्या उतरल्या जे पहिले फोटो आले ते लावायचे, खाली चार ओळीत माहिती, बास. वर्गणी कमी जमलेली, नासाचे फोटो फुकट डाउनलोड होतात, त्यामुळं खजिनदार लगेच तयार. माझ्याकडं काम आलं फोटो निवडायचं आणि छापून आणायचं, कारण सगळ्यांना माहितीय की नासाचं पर्सिव्हरन्स रोव्हर (म्हणजे चाकांवर फिरणारं यान) मंगळावर उतरलं तेव्हा मी रात्री अडीच वाजता घरच्यांना उठवलं होतं. (बायको अजून ऐकवते.)

सात फोटो काढले. १८ बाय २४ साइज, मॅट, सनबोर्डवर चिकटवून. पेनड्राइव्ह दिला, काउंटरवरच्या पोरानं फाइली बघितल्या आणि म्हणाला, "सर, हे लो रिझॉल्युशन आहेत, फाटतील." म्हणजे मोठे केले की चौकोन दिसतील. मी म्हटलं फाटू देत, तसेच पाहिजेत. तो म्हणाला बघतो मी, करतो चांगलं. हे 'करतो चांगलं' ऐकून मी तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं पण बाहेर गाडी नो पार्किंगला होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माल तयार. वेळ पाळली, यात एक स्टार पूर्ण. पॅकिंग पण मस्त, कोपऱ्याला पुठ्ठा वगैरे. घरी येऊन उघडलं आणि डोक्याला हात लावला. फोटो सुंदर होते. तोच तर प्रॉब्लेम.

नासाचं क्युरिऑसिटी रोव्हर मंगळावर ६ ऑगस्ट २०१२ ला उतरलं, आपल्याकडं सकाळचे अकरा वाजलेले. पहिल्यांदा आली ती ६४ बाय ६४ पिक्सेलची चिमुकली चित्रं, मग जरा मोठी, काळीपांढरी, माशाच्या डोळ्यासारख्या गोल भिंगातली, त्यामुळं क्षितिज वाकडं. कॅमेऱ्यावरचं पारदर्शक झाकण अजून उघडलेलं नव्हतं, त्यावर धुळीचे ठिपके, कोपऱ्यात रोव्हरचं चाक. आणि मागच्या कॅमेऱ्याच्या फोटोत लांब क्षितिजावर एक पुसटसा डाग. बघणाऱ्या बऱ्याच जणांना वाटलं काचेवरचीच धूळ असेल. पण नंतर काढलेल्या फोटोत बाकीचे ठिपके जिथल्या तिथं आणि तो डाग मात्र गायब! काचेवरची घाण अशी निवडून एकच कशी जाईल? मग हिशोब लागला. रोव्हरला दोरांनी खाली सोडणारी जी क्रेन होती ती दोर तोडून लांब जाऊन आपटणार हे ठरलेलंच होतं, ती साधारण साडेसहाशे मीटरवर आपटली आणि तिचा उडालेला धुरळा बहुतेक या फोटोत सापडला. म्हणजे आपटली कधी आणि फोटो निघाला कधी, सगळं एका डागात. मी तो फोटो निवडला होता तोच मुळी त्या डागासाठी.

दुकानदारांनी डाग काढला होता. इतका सफाईनं की मूळ फाइल शेजारी धरल्याशिवाय कळणार नाही. क्षितिज पण सरळ करून दिलेलं, वर.

दुसरा घोळ नासाच्याच व्हायकिंग १ यानाच्या फोटोचा. हे २० जुलै १९७६ ला उतरलं, आणि मंगळाच्या जमिनीवरून आलेला पहिला नीट फोटो याचाच (रशियाचं मार्स ३ त्याआधी १९७१ ला उतरलेलं पण त्याच्याकडून थोडा वेळ नुसतं करडं काहीतरी आलं आणि संपर्क तुटला). व्हायकिंगनं पहिला फोटो कशाचा काढला तर स्वतःच्या पायाचा. लोक हसतात, पण विचार करा, तुम्ही अंधारात नदीत उतरलात तर आधी काय बघाल, समोरचा डोंगर का पाय किती रुतला ते? पाय बुडाला नाही, तळपायावर थोडी माती उडून बसलीय, मधला दगड साधारण १० सेंटीमीटर. एवढं कळलं म्हणजे जमीन भक्कम आहे हे कळलं. तर या फोटोत डावीकडं एक उभा काळपट पट्टा आहे. दुकानात तो पण उजळून टाकलेला, अगदी फेस वॉशच्या जाहिरातीसारखा.

आणि रंगीत फोटोत आभाळ निळं. आपल्या यवतेश्वरच्या घाटातून पावसाळा संपल्यावर दिसतं तसं निळंशार. गंमत म्हणजे हीच चूक खुद्द नासात झालेली आहे. व्हायकिंगचा पहिला रंगीत फोटो घाईत तयार केला तेव्हा आभाळ निळसर आलं, कारण माणसाचा हात आपोआप तिकडंच जातो, आभाळ म्हटल्यावर निळंच. मग यानावरच बसवलेल्या रंगाच्या पट्ट्यांशी ताडून बघितलं तर आभाळ निघालं गुलाबीसर, आणि ते जाहीर केल्यावर पत्रकारांनी चेष्टेत हुर्यो केली म्हणे. तेव्हा काउंटरवरच्या पोराला मी किती शिव्या घालणार. पण घातल्या, मनातल्या मनात.

शुक्राचा फोटो कापला. व्हेनेरा ९, २२ ऑक्टोबर १९७५, दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला पहिला फोटो, रशियाचा. लांबट पट्टी आहे ती, कॅमेरा तिरका बसवून फिरवलेला त्यामुळं मधे पायाजवळचे दगड आणि वर कोपऱ्यात क्षितिज. फ्रेमच्या साइजमधे बसवायला वरचे कोपरे उडवले, म्हणजे क्षितिजच गेलं. साडेचारशे डिग्रीच्या वर तापमान, पृथ्वीच्या नव्वद पट हवेचा दाब, त्यात त्या यानानं ५३ मिनिटं तग धरून माहिती पाठवली आणि आपण सनबोर्डसाठी कापली.

पण कळस म्हणजे क्युरिऑसिटीची ती ६४ पिक्सेलवाली चिमुकली. ती कुठल्यातरी एआय ॲपमधून 'एन्हान्स' केलेली. जिथं नुसते चौकोन होते तिथं आता खडे होते, खड्यांना सावल्या होत्या, आणि एका दगडाला, शपथेवर सांगतो, नाक होतं. माझ्या पोरीनं पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली बाबा हे कोण. म्हणजे मंगळावरच्या चेहऱ्याचं प्रकरण परत. व्हायकिंगच्याच वर फिरणाऱ्या यानानं जुलै १९७६ मधे एका टेकाडाचा फोटो काढला होता, ऊन तिरकं, त्यात पाठवताना काही ठिपके गहाळ झालेले, त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी, आणि जग वर्षानुवर्षं चेहरा बघत बसलं. १९९८ आणि २००१ ला मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानानं जवळून फोटो काढले तर साधं झिजलेलं टेकाड. तिथं निदान यंत्राची अडचण होती, इथं आपणच नाक बसवलेलं.

तर गेलो परत. चिडून गेलो होतो खरं सांगायचं तर, गणपती चार दिवसांवर आलेले. या वेळी गल्ल्यावर मालक होते, साठीचे असतील, आधी रीळ धुवायची लॅब होती त्यांची. मी डागाचं सांगितलं. ते म्हणाले, "आवो सर, डाग हुता म्हणून काढला की. लग्नाच्या अल्बममधे ठेवला तर गिऱ्हाईक तोंडावर मारंल." मुद्दा बरोबर होता त्यांचा. लोक त्यांना डाग काढायचेच पैसे देतात. मग मी दोन्ही फोटो मोबाईलवर दाखवले, डाग असलेला आणि नंतरचा डाग नसलेला. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले मग दोन्ही शेजारी शेजारी लावा की, खाली काय लिहायचीबी गरज न्हाई. इतकी साधी गोष्ट, आमच्या अख्ख्या कमिटीला सुचली नव्हती.

मग व्हायकिंगचा पट्टा. मी सांगायला सुरुवात करणार तेवढ्यात तेच म्हणाले, हे एका दमात काढलेलं नसणार, स्कॅन असणार. मी उडालोच. म्हटलं काका तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले झेरॉक्सच्या मशीनवर कागद असताना कुणी झाकण उचललं की तेवढाच पट्टा वेगळा येतो, बाकीचं नीट. हे शंभर टक्के तसंच आहे. व्हायकिंगचा कॅमेरा एकदम फोटो काढत नव्हता, उभी एकेक रेघ वाचत डावीकडून उजवीकडं सरकायचा. उतरल्यावर २५ सेकंदात पहिला फोटो सुरू झाला आणि पुरा व्हायला चारेक मिनिटं लागली. म्हणजे फोटोची डावी कड आणि उजवी कड यांच्यामधे चार मिनिटं आहेत! त्यातल्या साधारण मिनिटभर सूर्याच्या आड धूळ किंवा ढग आला असावा, तेवढ्या रेघा काळपट. पट्टा म्हणजे जागा नाही, वेळ आहे ती. मी हे तीनदा वाचून समजून घेतलं होतं आणि या माणसानं झेरॉक्सवरून दोन मिनिटात सांगितलं.

रंगाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं वेगळं होतं आणि मला तिथं थोडं नमतं घ्यावं लागलं. म्हणाले, लाल-पिवळ्या मांडवाखाली लग्न असलं की सगळी माणसं पिवळी येतात, नवरी पण, आता आम्ही तो पिवळेपणा काढतो का न्हाई? काढला तर साडीचा खरा रंग कळतो. ठेवला तर तिथं बसल्यावर कसं दिसत होतं ते कळतं. दोन्ही खरं. आणि मंगळावर अक्षरशः हाच प्रकार आहे, बारीक गंजकी धूळ कायम हवेत, ती निळा उजेड खाते, वरून उतरणारा सगळा उजेडच बदामी, म्हणजे अख्खा ग्रहच मांडवाखाली. शास्त्रज्ञ दोन्ही तऱ्हेचे फोटो काढतात, एक तिथं उभं राहिल्यावर दिसेल तसा, आणि एक आपल्या पृथ्वीच्या उजेडात ते दगड कसे दिसले असते तसा, कारण दगड ओळखायला शिकलेली माणसं सगळी इथल्या उजेडात शिकलीत. फक्त कुठला कुठला आहे ते खाली लिहितात. आमच्या बोर्डवर ते लिहिलेलं नव्हतं, सगळा घोळ तिथं होता.

काकांनी विचारलं तिकडं कार्ड ठेवलंय का कुणी, म्हणजे रंग जुळवायचं. म्हटलं प्रत्येक यान आपलं आपलं घेऊन जातं. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या मंगळावरच्या जुळ्या रोव्हरवर तर ते कार्ड म्हणजे छोटं सूर्यघड्याळच होतं, मधल्या काठीची सावली पडते त्यामुळं सावलीतला रंग आणि उन्हातला रंग दोन्ही मिळतात. क्युरिऑसिटीवर शेजारी १९०९ चं अमेरिकेचं एक सेंटचं नाणं पण चिकटवलंय, मापासाठी. नाण्यावर ते एकदम खूश, म्हणाले आमच्याकडं शेतकरी आल्याच्या गड्ड्याला लागलेली कीड दाखवायला फोटो आणतात, शेजारी रुपया ठेवलेला असतो, तसंच की हे.

मग सगळे सात फोटो परत छापले. ऑटो करेक्शन बंद, शार्पन बंद, मूळ फाइल जशीच्या तशी. शुक्राची पट्टी लांबच ठेवली, तिला वेगळा सनबोर्ड कापला. चिमुकली चौकोनी चौकोनीच छापली आणि ते पोरगं मान हलवत होतं पण छापली. पैसे अर्धेच घेतले दुसऱ्या वेळचे. पूर्ण माफ करायला पाहिजे होते असं आमचे खजिनदार म्हणतात, मी म्हणतो मी पण पहिल्यांदा काहीच लिहून दिलं नव्हतं, त्यामुळं अर्धे बरोबर.

देखाव्याचं काय झालं ते पण सांगतो कारण प्रिंटची खरी परीक्षा तिथं झाली. मॅट कागद घेतला हे बरं झालं, लाइटिंगच्या माळांचं प्रतिबिंब आलं नाही. ऑपॉर्च्युनिटीच्या २००४ च्या फोटोसमोर सगळ्यात जास्त गर्दी, उतरल्या उतरल्या समोर थरांथरांचा खडक दिसतो तो. पोरं म्हणायची अजिंक्यताऱ्याची तटबंदी! खाली लिहिलेलं वाचल्यावर तोंडं बघण्यासारखी व्हायची, कारण तो खडक फुटपाथच्या कडेएवढा उंच आहे. शेजारी झाड नाही, माणूस नाही, गाय नाही, मग डोळा मापच घेऊ शकत नाही. यान लोळत लोळत जाऊन पडलं ते पण जेमतेम बावीस मीटरच्या खड्ड्यात, आणि थर उघडा पडलेला खडक आयता समोर, नासातल्या लोकांनी त्याला गोल्फमधला 'होल इन वन' (एका फटक्यात चेंडू खड्ड्यात) म्हटलं.

कासकडचे एक मामा आले होते, व्हायकिंगच्या फोटोसमोर उभे राहून म्हणाले हा तर आमच्या सड्याचा (पठाराचा) फोटो आहे, कुणाला फसवताय. आणि खरंच, एप्रिल-मे मधे फुलं नसताना सडा बघा, लाल माती, विखुरलेले दगड, सेम. लाल रंगाचं कारण पण एकच, लोखंडाचा गंज. आमच्यातला एक पोरगा लगेच पेटला, म्हणजे मंगळावर पण कास होतं! मी म्हटलं थांब रे बाबा. आपल्या सड्यावरचा जांभा दगड झाला तो लाखो वर्षं पाऊस झिरपून झिरपून, तिथली धूळ आज आपण बघतोय ती कोरड्या थंड हवेत फिरतीय. रंग जुळला म्हणून कुंडली जुळत नाही. (कुंडलीवरून आठवलं, दोन काकू खास 'मंगळ बघायला' आल्या होत्या, मुलीच्या लग्नाचं चाललंय त्यांच्या. त्यांना फोटो आवडले, मंगळ सौम्य वाटला म्हणाल्या.)

सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न मात्र आपलं चांद्रयान कुठंय. चंद्र ग्रह नाही म्हणून मी घेतलं नव्हतं, आणि हे उत्तर गणपतीच्या मांडवात चालत नाही हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. रात्री नऊला काकांना फोन केला. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चं विक्रम चंद्रावर उतरल्यावर इस्रोनं टाकलेला फोटो पाठवला, त्यात पण बघा, यानाचा एक पाय आणि त्याची सावली! पुन्हा पायच. त्यांनी दुकान परत उघडून छापला, पैसे घेतले नाहीत, आणि फोनवर विचारलं, "ह्यात काय डाग बिग हाय का, ठेवायचा असला तर आधीच सांगा."

आता तक्रारी. न विचारता एडिट करतात, ही मोठी. विचारलं असतं तर माझा एक दिवस आणि त्यांचे सात सनबोर्ड वाचले असते. पार्किंग नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. काउंटरवरचं पोरगं कामाला फास्ट आहे पण ऐकून घेताना नजर मोबाईलमधे. सनबोर्ड पाच मिलीचा सांगितला आणि माझ्या मते तीनचाच होता, पावसाच्या ओलीनं दोन बोर्ड विसर्जनापर्यंत वाकले. त्यामुळं एक स्टार कापला, बाकी चार मालकांचे.

जाणार असाल तर फाइलच्या नावातच 'एडिट करू नये' असं मराठीत टाकून द्या, मी शेवटच्या वेळी तेच केलं आणि चाललं. नाक आलेला तो दगडवाला बोर्ड त्यांनी टाकून दिलेला नाही, काउंटरच्या मागं भिंतीला लावलाय, शेजारी चौकोनी चौकोनीवाला मूळ फोटो. गिऱ्हाईक आलं की ते पोरगंच आता विचारतं, यातला कुठल्यासारखा पाहिजे. सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ, जीपे चालतं, मंगळवारी बंद.